सव्वा मूठ गहू

तिब्लिसी, जॉर्जिया
१० ऑगस्ट २०२४

मनाताई,

फोन उचलत नाहीस. ठीक आहे. "तू फोनवर ओरडतोस आणि मग तूच फोन कापतोस, त्यापेक्षा लिहून पाठव, लिहिताना ओरडता येत नाही," असं म्हणालीस ना? घे, लिहितो. हे वाक्य मी ओरडूनच लिहिलंय, तुला ऐकू आलं नाही ती गोष्ट वेगळी.

बातमी अशी की तृप्तीनं मला डोंगरावर बोलावलंय.

परत वाच. तृप्तीनं. मला. डोंगरावर.

कोण तृप्ती असं विचारू नकोस, तुला चांगलं माहीत आहे. नेपानगरच्या पेपर मिलमधल्या गजाननकाकांची. तुझ्याकडे बुधवाऱ्यात राहून कॉलेज करत होतो तेव्हा रोज सकाळी मी उलटा नेपानगरच्या बाजूला चांदनी स्टेशनपर्यंत जायचो, तिथे उतरायचो, पलीकडच्या फलाटावर जाऊन तिच्या गाडीत चढायचो आणि परत बुऱ्हाणपूरला यायचो. कशासाठी? "अरे, तू पण याच गाडीला?" एवढं म्हणता यावं म्हणून. तुला वाटायचं मी पळायला जातो.

आणि ज्या दिवशी कॅन्टीनमध्ये एकानं तिच्याकडे बघून शिट्टी मारली आणि मी त्याला भज्यांच्या ताटासकट टेबलाखाली पोचवला, त्या दिवशी माझं कॉलेज संपलं. बाबा म्हणतात मी सोडलं. मी म्हणतो, कॉलेजला मी झेपलो नाही. मग ती डॉक्टर व्हायला इकडे आली. मी तिच्यामागे आलो नाही हं. मला इथल्या इंडियन हॉटेलात तंदूरवर काम मिळालं म्हणून आलो. तंदूर दुसऱ्या देशांतही असतात हे मला माहीत आहे, तू लिहायची गरज नाही.

तर काल ती हॉटेलात आली आणि म्हणाली, "ललित, पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, डोंगरावर येतोस?" या गावाच्या अगदी डोक्यावर डोंगर आहे. नाव मतात्समिंदा. म्हणून बघ, दात हलतात. अर्ध्यावर एक चर्च, वर टीव्हीचा टॉवर आणि जत्रेतला असतो तसा मोठा पाळणा. तिथून सगळं शहर दिसतं, मधून नदी. वर जायला रेल्वेचा डबा पण आहे, पण ती म्हणाली पायी जाऊ. मी म्हटलं, "पायी? मी असीरगड पळत चढायचो."

ताई, तिथे वर मी तिला विचारणार. पक्कं ठरवलंय. फक्त काय विचारायचं आणि कसं, ते तू सांग. लवकर सांग. आईला कळू देऊ नकोस.

तुझा
ललित


बुधवारा, बुऱ्हाणपूर
१२ ऑगस्ट

चि. ललित,

तुझं ओरडणं पोचलं. बाजूच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल.

पहिलं म्हणजे असीरगड. आपण जीपनं गेलो होतो. वरच्या थोड्या पायऱ्या होत्या, त्यांतल्या निम्म्यावर तू मांडी घालून बसलास आणि तुझ्या जिजाजींनी तुला बखोटीला धरून वर नेलं. तू तेव्हा सतरा वर्षांचा घोडा होतास. त्या मुलीला काय सांगायचं ते सांग, मला सांगू नकोस.

दुसरं, आणि हे नीट वाच. काल घरोघरी कानबाईमाता बसली, आज सकाळी विसर्जन झालं. माझ्या सासरीही बसते, म्हणून मला माहेरी फोपनारला जाता आलं नाही. आईनं फोनवर सांगितलं की या वर्षीही तुझी मूठ मोजली. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू. बाबांचे, काकांचे, आणि तू एवढ्या लांब असून तुझेही. मोजताना आईचे डोळे भरून आले म्हणे. आजी रागावली, "गव्हात पानी पाडू नको." त्या गव्हाचे नैवेद्याचे रोट केले आणि तुझ्या वाट्याचे अजयबरोबर पाठवलेत. आपल्या फोपनारचाच अजय रे, तिकडे डॉक्टरकी शिकतो तो. तो उद्या निघतोय.

नियम तुला लहानपणापासून माहीत आहेत, पण तू विसरशील म्हणून लिहिते. रोट घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, मित्राला नाही, शेजाऱ्याला नाही. मला बघ, तुझी सख्खी बहीण, पण लग्न झालं त्या वर्षापासून मला माहेरचा रोट बंद. मी आता सासरचा खाते, आणि सासूबाईंचा रोट कसा असतो ते मी लिहीत नाही, कारण जिजाजी मागे उभे आहेत. आणि पौर्णिमेच्या आत तो संपला पाहिजे. पौर्णिमा एकोणीसला.

त्याच दिवशी राखी. पुडक्यात माझी राखी आहे, आणि एक जास्तीची आहे, कारण तू आवेशात हात हलवतोस आणि दोरा तोडतोस.

आता डोंगराचं. पाणी घे. चांगले बूट घाल. पुढे पळू नकोस. तिला बोलू दे. तुला काही बोलायचं असेल तर आधी एकदा मनातल्या मनात म्हण, ओरडल्यासारखं वाटलं तर पुन्हा म्हण.

तुझी
ताई


तिब्लिसी
१६ ऑगस्ट

मनाताई,

पुडकं मिळालं. अजयनं ते विमानात मांडीवर ठेवून आणलं म्हणे. रोट दगडासारखे झालेत, पण तुपाचा वास तसाच आहे. डबा उघडला आणि नाकाशी धरला. तंदूरवरच्या पोरानं विचारलं, डोळ्यांत काय गेलं. मी म्हटलं, धूर.

पण त्यापेक्षा मोठं लफडं झालंय. डोंगरावर आम्ही दोघंच नाही आहोत! सगळी टोळी येतेय. अजय येतोय. तृप्तीच्या दोन मैत्रिणी येतायत. आणि एक गिओर्गी येतोय.

गिओर्गी कोण? इथलाच, तिच्या वर्गातला. उंची आपल्या केळीच्या झाडाएवढी, आणि वर घड असावा तसे केस. काल हॉटेलात तो तृप्तीशेजारी बसला आणि काहीतरी बोलला, आणि ती हसली. तशी हसली जशी आमच्या गाडीत हसायची! माझी नान तंदुरात जळली. मालक म्हणाला, रविवारी सुट्टी मिळणार नाही. मी म्हटलं, "मग तुमचा तंदूर तुम्हीच सांभाळा." तो म्हणाला, सोमवारपासून येऊ नको. मी म्हटलं, शुक्रवारपासूनच येत नाही. दिमाग खराब झाला होता, ताई. आज शुक्रवार आहे आणि मी खोलीत बसलोय.

मी ठरवलंय. त्या केळीच्या खुंटाला डोंगरावर मागे टाकायचं. वर सगळ्यांच्या आधी मी पोचलेला असेन, हाताची घडी घालून. ती येईल, बघेल. मग विचारेन.

ललित

ता. क. "विचारेन" लिहिताना पेन तीनदा अडकलं. आधी कागदावर लिहून मग मोबाईलवर टाइप करतो मी.


बुधवारा
१७ ऑगस्ट

ललित,

नोकरी गेली हे जाता जाता उरकलंस आणि त्या मुलाच्या केसांचं मात्र वर्णन केलंस. बाबांना मी काही सांगितलेलं नाही.

पुढे पळू नकोस. परत लिहिते, पळू नकोस.

ताई


तिब्लिसी
१८ ऑगस्ट, संध्याकाळ

मनाताई,

पळालो.

चर्चपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होतो. गिओर्गी मागे, तृप्ती त्याच्याही मागे. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही, फक्त तीन-चार वेळा बघितलं. रस्ता असा उभा की समोरचा दगड नाकाला लागतो. ऊन आपल्यासारखंच. चर्चच्या वरच्या वळणावर माझा दम संपला. बूट नव्हते, हॉटेलातल्या चपला होत्या, त्यांतली एक तुटली. मी एका दगडावर बसलो आणि दृश्य बघतोय असं दाखवलं. पण मी डोंगराकडे तोंड करून बसलो होतो, हे मला नंतर कळलं.

एकेक जण आला आणि पुढे गेला. अजय म्हणाला, "असीरगड, का रे?" त्याला मी बघून घेईन. गिओर्गी थांबला, माझी पिशवी खांद्यावर टाकून निघाला. मी ओरडलो, "दे इकडे!" पण आवाजच फुटला नाही, शिट्टीसारखं काहीतरी निघालं. तरी त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली आणि डबा काढून माझ्याजवळ ठेवला. इथेच मी त्याचा थोडा कमी तिरस्कार करू लागलो, तुला खोटं कशाला सांगू.

आणि तृप्ती थांबली. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." माझ्या शेजारी बसली, माझी नाडी बघितली. ताई, आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझा हात धरला आणि तो नाडी बघायला. म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंयस?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनंही काही खाल्लं नव्हतं. तिनं डबा उघडला.

"हे काय? रोट?"

"हो."

"कानबाईचे? तुमच्या घरचे?"

"मग काय शेजाऱ्यांचे? आईनं पाठवलेत. खा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ललित, नक्की? मी खाऊ?"

आता भुकेल्या माणसाला कुणी एवढं विचारतं का? मी म्हटलं, "अगं खा की! किती विचारशील!" थोडा ओरडलोच.

तिनं रोट हातात घेतला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि खाल्ला. हळूहळू खाल्ला, एक कण सांडला नाही. खाली सगळं शहर होतं, लाल कौलं, नदी. मग म्हणाली, "तुझ्या आईच्या हाताला चव आहे." तिचा चेहरा लाल झाला होता. ऊन होतं.

त्या क्षणाला विचारायचं होतं मी. तोंड उघडलं आणि उचकी लागली. वरपर्यंत थांबली नाही. तिच्या पिशवीत मैत्रिणीची जास्तीची चप्पल होती, ती घालून चढलो, एका पायात गुलाबी. वर त्या पाळण्यात ती माझ्यासमोर बसली आणि सारखी माझ्याकडे बघून हसत होती. चपलेला हसत असणार. मी उचक्या देत होतो.

झालं. संपलं. काही विचारलं नाही, आता कधी विचारणारही नाही. तिनं रोट खाल्ला ते चालतं ना? भूक लागली होती, अर्ध्या भाकरीनं काय आभाळ कोसळतंय.

ललित


फोपनार
१९ ऑगस्ट, सकाळ

ललित,

आभाळ कोसळलंय. फोपनारच्या घरावर. बरोब्बर चुलीच्या वर.

आज राखी म्हणून मी पहाटेच्या बसनं माहेरी आले. तुझ्या फोटोला राखी बांधली आणि आई म्हणाली, "त्याचं पत्र आलं का, वाच की." मी मोबाईल काढला आणि वाचायला लागले. माझीच चूक. तुझ्या उचकीला आई हसत होती, गुलाबी चपलेला काका हसत होते, आणि मी त्याच झोकात वाचून गेले की तिनं रोट खाल्ला. आजीचा अडकित्ता सुपारीवरच थांबला.

"कोनी खाल्ला?"

"एका मुलीनं, आजी. त्याच्या ओळखीची आहे."

"आपला रोट? बाहेरच्या पोरीनं?"

मग कचेरी भरली. काका म्हणाले, परदेशात नियम लागत नाहीत. आजीनं विचारलं, "कानबाईला पासपोर्ट लागते का?" आई रडायला लागली की या वर्षी तुझी मूठ मोजताना तिनं गव्हात पाणी पाडलं, म्हणून असं झालं. बाबा बागेतून केळीचे घड भरून आले होते, ते हात धुऊन ऐकत उभे राहिले.

शेवटी आजीनं निकाल दिला. रोट घरच्यानंच खायचा. पोरीनं खाल्ला. म्हणजे आता ती घरची. घरच्या पोरीनं खाल्ला तर दोष नाही. घरची पोर म्हणजे तुझी बहीण. आज राखी आहे, जास्तीची राखी तुझ्याकडे आहेच. तिनं तुला ती बांधायची आणि विषय मिटवायचा.

मी म्हटलं, "आजी, घरची म्हणजे बहीणच कशावरून?" आजी म्हणाली, "मंग काय?" मी पुढचं बोलणार तोवर बाबांनी अजयला फोन लावलासुद्धा. तुला माहीत आहे, बाबांचा निरोप म्हणजे अजय पत्र्यासारखा ताठ होतो. तो राखी घ्यायला तुझ्याकडे येतोय आणि तिच्याकडे जाणार आहे.

ललित, एक गोष्ट शांतपणे विचार कर. गजाननकाका मूळचे अमळनेरकडचे. त्यांच्या घरी कानबाई बसत असेलच ना? मग त्या पोरीला रोटाचं

अजून लिहायचं होतं, आई मोबाईल मागतेय. पाठवते.

ताई


तिब्लिसी, डोंगराच्या वर
१९ ऑगस्ट, दुपार

मनाताई,

तुझं पत्र अर्धं वाचलं आणि अजय दारात. म्हणाला, "तुझ्या बाबांनी सांगितलंय, राखी दे." मी म्हटलं, नाही. त्यानं टेबलावरून उचलली आणि पळाला. मी त्याच्यामागे पळालो, तो बसमध्ये चढला, दार बंद.

बहीण! मी चांदनीच्या फलाटावर थंडीत उभा राहिलो ते बहिणीसाठी? तो पोरगा भज्यांच्या ताटाखाली गेला तो माझ्या बहिणीला शिट्टी मारली म्हणून? आजीला सांग, मी तिचा आदर करतो, पण माझं मनगट तिला मिळणार नाही!

मी डोंगरावर आलोय. एकटा. आणि ऐक, आज मी न थांबता चढलो. एकदाही बसलो नाही. चर्चपाशी कालचा दगड दिसला, त्याला लाथ मारून पुढे गेलो. गिओर्गीनं बघायला हवं होतं. माणसाच्या मागे राखी लागली की तो कुठलाही डोंगर चढतो.

आता त्या पाळण्याशेजारी बसलोय, दोन्ही हात खिशात घालून. टाइप करायला एक बाहेर काढलाय, आजूबाजूला बघून. आज पौर्णिमा आहे, दिवस मावळेपर्यंत मी खाली येत नाही. डब्यात रोटाचा एक चतकोर राहिलाय, तेवढाच बरोबर आहे. तो आजच संपवायचाय ना.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य अर्धं का आहे? तिला रोटाचं काय? लवकर लिही. थांब. कोणीतरी वर चढून येतंय. हातात काहीतरी लाल


तिब्लिसी
१९ ऑगस्ट, संध्याकाळ

आदरणीय मनीषाताई,

मी तृप्ती. ललितकडून तुमचा पत्ता घेतला. आपण एकदाच भेटलो होतो, तुमच्या दुकानात आईला साडी घेताना. तेव्हा ललित मागे कापडाचे तागे उगाच वर-खाली करत होता.

ताई, आमच्या घरी कानबाई बसते. मिलच्या कॉलनीत अमळनेर-चोपड्याकडची चार घरं आहेत, मी लहानपणापासून बघते. शेजारच्या वंदनाकाकूंकडे मी रोज जेवायचे, पण त्यांचा रोट मला कधी मिळाला नाही. मला सगळं माहीत होतं. म्हणून तर मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, तुमच्या घरचा का, नक्की का, मी खाऊ का. आणि तो म्हणाला, खा की, किती विचारशील.

मला वाटलं त्यानं मला विचारलंय. मला वाटलं, एवढा तापट मुलगा, पण ही गोष्ट किती नाजूकपणे विचारली. फूल नाही, अंगठी नाही, घरचा रोट पुढे केला. मी खाल्ला, म्हणजे हो म्हटलं. काल दिवसभर मी हसत होते. तो उचक्या देत होता, मला वाटलं आनंदानं.

आणि आज सकाळी अजय दारात राखी घेऊन उभा! "ललितच्या घरून निरोप आहे, ही त्याला बांध." ताई, माझ्या "हो"चं हे उत्तर? मी राखी घेतली, तो खोलीवर नव्हता, कालच्याच जागी असणार हे ओळखलं आणि डोंगर चढले. रागात चढले. गिओर्गी मागून "काय झालं, काय झालं" करत येत होता.

ललित वर बसला होता, हात खिशात. मी म्हटलं, "हात बाहेर काढ." तो म्हणाला, "जीव गेला तरी नाही." मी म्हटलं, "तुला रोटाचा नियम माहीत नव्हता?" तो म्हणाला, "माहीत होता. विसरलो." "म्हणजे तू काल काही विचारलंच नव्हतंस?"

त्याला हळूहळू समजलं, आणि त्याला ते समजताना मी बघितलं, तेवढ्यावर माझा अर्धा राग गेला. मग त्यानं, ताई, खरंच अगदी हळू आवाजात विचारलं, "आता विचारलं तर चालेल?"

मी म्हटलं, रोट संपले ना. त्यानं खिशातून हात काढला, डबा उघडला आणि चतकोर पुढे धरला. मी म्हटलं, "आधी हा कशासाठी देतोस ते तोंडानं सांग. मग खाते." त्यानं सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहीत नाही, पण उचकी लागली नाही.

मी खाल्ला. पौर्णिमेच्या आत संपला, आजींना सांगा.

माझी एक अट आहे. राहिलेलं कॉलेज त्यानं पुरं करायचं, बुऱ्हाणपूरला येऊन. यावर त्यानं लगेच आवाज चढवला. मी फक्त डब्याचं झाकण लावलं. आवाज उतरला.

जास्तीची राखी वाया गेली नाही, गिओर्गीला बांधली. त्यानं विचारलं, भावाला काय काम असतं. मी म्हटलं, आधी या माणसाला खाली न्यायचं. पुन्हा चप्पल तुटली आहे.

आजींना एक विचाराल? तुमच्याकडे फक्त पुरुषांची सव्वा मूठ मोजतात. मी घरची म्हणून रोट खाल्ला, तर पुढच्या कानबाईला गहू मोजताना एक मूठ माझीही घेतील का?

तुमची
तृप्ती


फोपनार
२० ऑगस्ट

प्रिय तृप्ती,

तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं, या वेळी मुद्दाम. आई रडली, मग डोळे पुसून विचारलं, तिला वांग्याचं भरीत चालतं का. बाबा बागेत गेले, पण जाताना अजयला फोन करून राखीचा निरोप रद्द केला. काका अजून विचारतात की गिओर्गी आता आपला कोण लागतो.

मग मी तुझा प्रश्न वाचला. आजी म्हणाली, "बायांची मूठ मोजत नाही." मी म्हटलं, "माझीही कधी मोजली नाहीस." आजीनं सुपारी कातरायला घेतली. मी मोबाईल बाजूला ठेवला, चहा झाला, आईनं भांडी आवरली, विषय संपला असं मला वाटलं.

ओसरीवर गव्हाचं पोतं होतं. आजी उठून तिथे गेली, आत हात घातला, मूठ भरून वर काढली आणि ती बघत उभी राहिली. मग मला हाक मारली.

"मने, इकडे ये. तुझी भर." मी भरली. तिनं माझी मूठ आपल्या मुठीशी लावून पाहिली आणि म्हणाली,

"त्या पोरीची केवढी हाय, विचारून ठेव."

मनीषाताई